वणीची भरती

वणीच्या बाजारात समुद्र पोत्यातून येतो. तुरीच्या शेंगा, वांगी आणि सांबाराच्या जुड्यांपलीकडे एक बाई जवळा, सुकट आणि बोंबलांचे ढीग लावून बसली होती. तो वास नाकात शिरला आणि माझे पाय आपोआप थांबले. कर्ली खाडीच्या तोंडाशी, देवबागला मी लहानाचा मोठा झालो. हा वास आमच्या अंगणाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सहाशे किलोमीटरहून दूर आहे. नकाशावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं, की वणीला जवळचा समुद्र आमचा नव्हेच, तो बंगालचा उपसागर. अंतर पाचशेच्या आसपास. महाराष्ट्रातलं एखादं गाव पूर्वेच्या समुद्राला अधिक जवळ असेल हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं.

सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. हेही त्याच सकाळी समजलं.

ज्याच्याकडे गेलो तो माझा कॉलेजातला मित्र. जातीनं भोई. भोई म्हटलं की आपल्याला पालखी वाहणारे आठवतात, पण पालखीच्या जोडीला नदीत डोंगा चालवणं आणि मासे धरणं हीही या समाजाची कामं होती. विदर्भातल्या नद्यांवर भोई, ढिवर आणि कहार यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली. मित्र आता शाळेत शिकवतो, पण त्याच्या घरात खुंटीवर जाळं आहे आणि ते कोरडं राहत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तो देवबागला आला होता. पातीत, आमच्या छोट्या होडीत, बसवून मी त्याला खाडीत गरवायला नेलं होतं आणि तांबोशी गरीला लागल्यावर तो लहान पोरासारखा ओरडला होता. निघताना म्हणाला होता, "तू मले खारं पाणी दाखवलं, आता गोडं पाहाले ये." मी हो म्हटलं आणि विसरलो. खरं सांगायचं तर गोड्या पाण्यातल्या मासेमारीला मी मासेमारी मानतच नव्हतो. तळ्यात बीज सोडायचं आणि वाढलं की ओढून काढायचं, एवढीच माझी कल्पना. ती एका दुपारीत मोडली, म्हणून हे लिहितो आहे.

कार्तिकी पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. शेतात कापसाची वेचणी चालू होती, तूर पिवळ्या फुलांवर आली होती. गावातून निघताना मित्रानं लोकनायक बापूजी अण्यांचा विषय काढला. माधव श्रीहरी अणे वणीचे. जन्म २९ ऑगस्ट १८८०. टिळकांचे अनुयायी, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले आणि १९४३ साली गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्या जागेवरून बाहेर पडले, एवढं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मिठाचं. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आमच्याकडे वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरावर माणसांची रीघ लागली. लाठ्या खाल्लेल्यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली. पण ज्या प्रदेशाला समुद्रच नाही त्यानं काय करावं? अकोला जिल्ह्यात दहीहंडा गावी लोकांनी वाट काढली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहिरींचं पाणीच खारट. एप्रिलमध्ये ते पाणी आटवून त्यांनी मीठ काढलं. बाकीच्या वऱ्हाडात तेही शक्य नव्हतं. तेव्हा कायदा मोडायला जंगल निवडलं गेलं. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ अण्यांच्या नेतृत्वाखाली राखीव जंगलातलं गवत परवान्याशिवाय कापलं गेलं आणि अण्यांना अटक झाली.

"आमच्याकडं समुद्र असता त जंगल सत्याग्रह झालाच नसता," मित्र म्हणाला.

आणि मग म्हणाला, "पण होता. समुद्र होता." त्यानं गाडी राजूरकडे वळवली.

राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. वस्तीच्या कडेला चुनाभट्ट्या, त्यांच्याभोवती करड्या दगडाचे ढीग आणि सगळ्यावर पांढरी धूळ. झाडांची पानं पांढरी, पत्रे पांढरे, भट्टीवर काम करणाऱ्या बायांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. दगड आणि कोळसा थर देऊन भट्टीत रचतात, जाळतात आणि खालून भाजलेला चुना ओढून काढतात. आमच्याकडेही चुना भाजत, पण शिंपल्यांचा. खाडीतले शिंपले, कालवांची टरफलं गोळा करून लावलेल्या भट्ट्यांच्या आठवणी आमच्या म्हाताऱ्यांकडे अजून आहेत. म्हणून मी ढिगातला एक तुकडा उचलून सवयीनं त्यात शिंपला शोधू लागलो. दगडात बारीक थर होते, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. शिंपला नव्हता.

"नाही भेटणार," मित्र म्हणाला. "तवा शिंपलेच नव्हते."

भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा गट म्हणतात. वणी, मुकुटबन, शिंदोला या भागापासून नदीपलीकडे चंद्रपूर आणि आदिलाबादपर्यंत हा चुनखडक पसरलेला आहे आणि इथले सिमेंटचे कारखाने त्याच्याच जोरावर उभे आहेत. तो समुद्राच्या तळाशी साचला. केव्हा? शंभर कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी. पृथ्वीवर मासे आले ते गेल्या पन्नासेक कोटी वर्षांत. म्हणजे वणीच्या समुद्रात मासा नव्हता, खेकडा नव्हता, शिंपला नव्हता. डोळ्यांना न दिसणारे जीव आणि चुन्याचा गाळ, बस. भरती येत होती, ओहोटी लागत होती, पण वाट पाहत बसलेला एक बगळासुद्धा किनाऱ्यावर नव्हता. मी आयुष्यभर समुद्र पाहिला, पण माशांशिवायचा समुद्र मला कधी कल्पनेतही दिसला नव्हता. तो तुकडा मी खिशात ठेवला.

राजूरहून परत फिरलो आणि नदीकडे जाणारा रस्ता धरला. इथून पुढे काळ्याचं राज्य. निलजई, उकणी, कोलारपिंपरी ही नावं गावांची, आणि आता खाणींचीही. कोळशाच्या गाड्यांची रांग संपत नाही. रस्त्यालगतच्या पऱ्हाटीवर काजळीचा थर बसतो आणि फुटलेला कापूस करडा दिसतो. बाजारात अशा कापसाचा भाव पडतो, हे मित्रानं शेतकऱ्याच्या स्वरात सांगितलं. दुरून मला डोंगर दिसले म्हणून मी नावं विचारली. ते डोंगर नव्हतेच. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचायला वरची माती काढावी लागते, तिचे ते ढीग. काहींवर बाभळी उगवल्यात. खालचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, गोड्या पाण्याच्या दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडांचा. त्याच्याही वर काही ठिकाणी सह्याद्रीचाच काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांचा. आधी खारं पाणी, मग गोडं, मग लाव्हा. एका तालुक्यात एवढं सगळं असूनही इथल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे पाहण्यासारखं काही नाही.

शिंदोल्याची बाजू मागे टाकून जुगादला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. जुगादला महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि त्याच्याजवळ वर्धा आणि पैनगंगा एकमेकींना मिळतात. वर्धा सातपुड्यातल्या मुलताईच्या पठारावरून येते, पैनगंगा अजिंठ्याच्या रांगेतून. समोरच्या तीरावर, चंद्रपूर जिल्ह्यात, वढा. तिथल्या विठ्ठलाची कार्तिकीला मोठी यात्रा भरते. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही ते वढ्याला येतात. यात्रा नुकतीच उठली होती. वाळूत चुलींचे काळे डाग होते आणि एका दगडाशी बुक्क्याची पुडी उघडी पडली होती. रस्त्यानं जायचा पूल होण्याआधी या यात्रेची माणसं डोंग्यानं नदी पार करत आणि ते डोंगे मित्राच्या आजोबांच्या पिढीनं चालवले.

आता वर्धा नदी जिल्ह्यांची सीमा आहे, एके काळी ती राज्यांची होती. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. वणीचा तीर निजामाचा झाला, वढ्याचा भोसल्यांचा राहिला. पुढे १८५३-५४ मध्ये दोन्ही तीर इंग्रजांच्या हाती गेले, वऱ्हाड निजामाकडून आणि नागपूर भोसल्यांच्या गादीला वारस नाही म्हणून, तरी कारभार वेगळाच राहिला. वणीचं नाव तर तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला होतं. १९०५ साली ते बदलून यवतमाळ झालं. या सीमेचा मासे धरणाऱ्यांवर एक परिणाम झाला, जो मी कुठं वाचला नव्हता. नदीपलीकडे पूर्व विदर्भात मालगुजारांची तळी होती, हजारोंनी. तिथल्या ढिवरांची मासेमारी तळ्यावर उभी राहिली. वऱ्हाडात मालगुजारी नव्हती आणि तशी तळीही नव्हती. इकडच्या भोयाला नदीच होती.

काठावर उभं राहून मी पंचांग मोजलं. जुनी खोड. आमच्याकडे घड्याळाआधी तिथी पाहतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. वद्य पंचमी, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे देवबागला आत्ता पाणी चढत असणार, पावणेचारला थांबणार, आणि मग सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की खाडीच्या कडेला पाग, आमचं फेकायचं जाळं, घेऊन उभं राहायचं. खाडीतला मासा पाण्याबरोबर आत येतो आणि पाण्याबरोबर बाहेर जातो. पाणी वळण्याचा अर्धा तास म्हणजे सगळा खेळ. इथं? पाणी सकाळी जिकडे जात होतं तिकडेच संध्याकाळी जाणार. मग वेळ कशी ठरवायची आणि जागा कशी?

"जागाच ठरवायची," मित्र म्हणाला. "तुह्या इथं पाणी हलते, मासा हलते, तू एका जागी उभा. इथं पाणी आपल्या वाटेनं जाते. तूच हल."

आणि आम्ही हललो. तासभर काठानं चालतच राहिलो, जाळं न टाकता. तो पाण्याकडे बघत होता आणि मला बघायला शिकवत होता. धारेत मोठा दगड असला की त्याच्या खालच्या अंगाला पाणी गोल फिरतं. मासा धारेशी झुंजत बसत नाही, त्या आडोशाला विसावतो. नदी वळते तिथं बाहेरचा काठ खोल, आतला उथळ. ऊन असेपर्यंत मासा खोलात, सावली पडली की उथळाकडे. पाण्यावर बारीक बुडबुडे ओळीनं आले तर खाली कुणीतरी चिखल उकरतंय. मरळ तर हवा घ्यायला वर येते, तिचा "गुपकन" आवाज ओळखायचा. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालसर ढगासारखी एकत्र तरंगतात आणि नर-मादी खाली राखण करत असतात. त्या ढगावर जाळं टाकणं सोपं असतं, दोन्ही मोठे मासे हमखास मिळतात. त्याच्या आजोबांनी ते कधी केलं नाही आणि करणाऱ्याला आपल्या डोंग्यात बसू दिलं नाही.

पैनगंगेच्या तोंडाशी, दोन धारांच्या मधल्या शांत पट्ट्यात, अखेर जाळं निघालं. आमचा पाग आणि त्याचं भोवरजाळ ही सख्खी भावंडं: तसंच गोल, तशीच कडेला शिशाची माळ, तशीच हाताला बांधायची दोरी. मी ते कोपरावर घेतलं, कडेचा एक भाग खांद्यावर टाकला, अंग वळवून फेकलं. उघडलं सुरेख, ताटासारखं. पण ओढलं तेव्हा रिकामं. खाडीच्या संथ पाण्यात जाळं जिथं पडतं तिथंच बुडतं. धारेत ते बुडता बुडता वाहतं आणि तळाला टेकेपर्यंत खालची कड उचललेली असते, मासा तिथून निसटतो. मित्रानं दाखवलं: मासा आहे त्याच्या दोन हात वरच्या अंगाला फेकायचं आणि दोरी लगेच ताणायची नाही, पाण्याला जाळं नेऊ द्यायचं. तिसऱ्या फेकीला दोरीतून ती थरथर आली जी मला आईच्या हाकेइतकी ओळखीची आहे.

दोन काटवे आणि एक वाम. काटवा सोडवताना मित्रानं हात धरून मला सावध केलं, पण गरज नव्हती. आमच्याकडचेच ते बाजूचे करवती काटे, तशाच मिशा. आमच्या खाडीत शिंगाळा असतो, इथल्या नदीत शिंगाडा. एक खाऱ्यातला, एक गोड्यातला, आणि दोन टोकांच्या माणसांनी त्यांच्या अंगावर तेच शिंग पाहून जवळपास तेच नाव ठेवलं. पुढच्या तासात आणखी चार काटवे, ओंजळभर झिंगे आणि एक रोहू आला. रोहू बोटभर होता. मित्रानं तो पाण्यात परत ठेवला, फेकला नाही, ठेवला.

मी त्याला अहीर माशाबद्दल विचारलं. गोदावरीच्या खोऱ्यात हा सापासारखा लांब मासा सापडतो. तो वाढतो नदीत, पण अंडी घालायला समुद्रात उतरतो, आणि पिल्लं पुन्हा नदी चढतात. संगमावरून निघालेलं पाणी पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरतं आणि बंगालच्या उपसागराला जातं. तीच अहिराची वाट. आता त्या वाटेवर धवळेश्वरमला दीडशे वर्षांहून अधिक काळ बंधारा आहे, मेडीगड्डाचा नवा आहे. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, नाव ऐकलं, पाह्यला नाही कधी.

त्याला काळजी त्याहून जवळची आहे. नदीत जागोजाग डोह असतात, माणसाच्या उंचीहून कितीतरी खोल. उन्हाळ्यात धार तुटते, पात्र कोरडं पडतं, तेव्हा सगळे मासे डोहांत गोळा होतात आणि पहिल्या पुरानं पुन्हा नदीभर पसरतात. डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. रेती उपसली की काठ ढासळतो, गाळ येतो, आणि डोह भरून जातो. एक डोह बुजला की आसपासच्या पात्रातला मासा कमी होतो. रेतीची गाडी एका रात्रीत जाते, डोह पडायला किती पूर लागतात कुणी मोजलेलं नाही. मला कर्ली आठवली. वाळू उपसण्यावरून आमच्याकडेही हेच चाललं आहे. वर समुद्रात पर्ससीन जाळी आणि प्रखर दिव्यांची मासेमारी. राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचं भांडण मिटलेलं नाही. पण आमच्यासाठी निदान कायदा आहे, १ जून ते ३१ जुलै समुद्रात बंदी आहे, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. मच्छीमार म्हटलं की महाराष्ट्राला कोळी आणि गाबीत दिसतात. वणीचा भोई त्या शब्दात कुणाला दिसत नाही. मलाही दिसला नव्हता, आणि ते मला त्या काठावर फार लागलं.

मी त्याला भरतीविषयी काहीतरी बोललो असेन, तेव्हा तो म्हणाला, "येते नं. इथंबी भरती येते. पण वर्षातून एकदोनदा."

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटतं आणि वर्धा दोन्ही थड्या भरून येते. तिच्या दाबापुढे पैनगंगेला बाहेर पडता येत नाही. ती थांबते, फुगते आणि उलटी चढू लागते. तेच वणीच्या निर्गुडेचं. आकाश निरभ्र असतं, गावात थेंब पडलेला नसतो आणि निर्गुडेचं पाणी मागे सरकत नाल्यांत, नाल्यांतून शेतांत शिरतं. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये असं झालं तेव्हा पाटाळ्याच्या पुलाचा रस्ता बंद पडला, वणी आणि मारेगाव तालुक्यांतली शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. काठावरच्या मातीच्या ढिगांनी पाण्याची वाट अडवली म्हणून फुगवटा अधिक पसरला, असं इथले लोक ठामपणे सांगतात. शेतकऱ्याला ही भरती म्हणजे नुकसान. पण माशाला? सुरुवातीच्या पुरात, पाणी उलटं चढतं तेव्हा, मासा त्याच्याबरोबर चढणीला लागतो, नाल्यात शिरतो, उथळ पाण्यातल्या गवतात अंडी टाकतो. आम्ही याला वलगण म्हणतो. पहिल्या पावसात कोकणातल्या शेतांत मासे चढतात तेव्हा कंदील घेऊन अख्खा गाव धावतो. अंड्यांनी भरलेला मासा धरू नये हे तिथंही म्हातारे सांगतात आणि तिथंही कुणी ऐकत नाही.

"जुलैत ये मंग," तो म्हणाला. "निर्गुडा उलटी चालताना पाहशीन."

सूर्य वढ्याच्या विरुद्ध अंगाला, आमच्या पाठीमागे, मातीच्या ढिगांमागे उतरला. मित्रानं वाळूतच मासे साफ केले. घरी त्याच्या बायकोनं भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि चिंच घालून रस्सा केला, वरून मूठभर सांबार. सोबत ज्वारीची भाकर. नारळाचं दूध नाही, सोलं नाहीत, तिरफळ नाही. वामीचं मांस घट्ट आणि गोडसर लागलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

पण ते नंतरचं. काठावरून निघताना जाळं गुंडाळायची वेळ आली, तेव्हा मी ते खांद्यावर टाकून इकडे-तिकडे पाहू लागलो. खाडीवरून आलं की पाग विहिरीच्या पाण्यातून काढावा लागतो, नाहीतर मीठ सुकतं, धागा ताठरतो. लहानपणापासून हे काम माझं. मी विचारलं, "जाळं धुवायला गोडं पाणी कुठं मिळेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं जाळ्याचं एक टोक धरलं, नदीत बुडवलं, दोनदा झटकलं आणि देवळाजवळच्या बाभळीवर वाळत टाकलं.